घरातला खेळ निवडताना सर्वांत लहान मुलाकडे पाहा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की सीमाभागातली घरे भरून जातात. इकडच्या मुलांना कर्नाटकातील शाळांची सुट्टी साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत असते, तर कोल्हापूर-पुण्याकडच्या भाच्या-पुतण्यांना मेपासून जूनच्या मध्यापर्यंत. दसऱ्याला आपली मुले मोकळी असतात तेव्हा तिकडची शाळेत, आणि दिवाळीत नेमके उलटे. त्यामुळे चार ते चौदा वर्षांची मुले, त्यांचे आईवडील आणि आजी-आजोबा एका छपराखाली सापडतात ते मे महिन्यातच. दुपारभर ऊन, चारनंतर वळीव, त्यात वीज गेलेली. मग कपाटावरचा खेळ खाली निघतो. अर्ध्या तासात एक मूल रुसून आत जाते, दोघांची जुंपते आणि मोठी माणसे ‘यांना मोबाईलशिवाय काही सुचतच नाही’ असे म्हणत उठतात.

यात मुलांचा दोष क्वचितच असतो. खेळच त्या बैठकीला न शोभणारा निवडलेला असतो. मोबाईलबद्दल सल्ले देणारे पुष्कळ आहेत. त्याऐवजी नेमके काय खेळावे आणि कसे, याबद्दल थोडे तपशिलाने लिहीत आहे.

बहुतेक घरांत खेळ ठरतो तो मोठ्या मुलाच्या आवडीने, नाहीतर खोक्यावरच्या चित्रावरून. तो ठरवावा सर्वांत लहान खेळाडूवरून, आणि पहिल्यांदा बघावे ते त्याला पाळीसाठी किती थांबावे लागते हे. सापशिडीला सहा जण बसले आणि फासा टाकणे, घरे मोजणे, सोंगटी ठेवणे यात प्रत्येकाचे वीस सेकंद गेले, तर एकदा खेळल्यावर पुन्हा पाळी यायला शंभर सेकंद लागतात. पाच वर्षांच्या मुलाला ते झेपत नाही. तो दुसऱ्याच्या सोंगट्या हलवू लागतो आणि ‘खोडी करतो’ म्हणून ओरडा खातो. मिनिटभरात पाळी परत यावी. चारांहून जास्त माणसे असतील तर जोड्या कराव्यात. आजी आणि नात मिळून एक रंग घ्यायचा, दान नातीने टाकायचे, कोणती सोंगटी चालवायची ते दोघींनी ठरवायचे. आजींना बारीक ठिपके दिसत नाहीत आणि नातीला डाव कळत नाही, अशी ही जोडी चांगली जमते. नाहीतर सरळ दोन पट मांडावेत.

दुसरी अडचण ‘बाद’ होण्याची. संगीत खुर्चीत पहिल्या फेरीत बाहेर जाते ते सर्वांत लहान मूल, म्हणजे ज्याला खेळण्याची सर्वांत जास्त हौस त्याच्या वाट्याला सर्वांत कमी खेळ. ‘व्यापार’ या पटावरच्या खेळात एकाचे पैसे संपले की तो तासभर नुसता बघत बसतो. व्यापार हा खेळ वाईट नाही, पण मूळ नियमांनी तो संपता संपत नाही. तो आटोपशीर करायचा तर सुरुवातीलाच प्रत्येकाला पिसलेल्या गठ्ठ्यातून दोन-तीन जागांची कार्डे वाटून द्यावीत, घड्याळ लावून एक तास खेळावे आणि वेळ संपताच रोख रक्कम अधिक जागांची छापील किंमत मोजून निकाल लावावा. जागा सुरुवातीलाच हाती असल्याने भाडे पहिल्या फेरीपासून सुरू होते आणि नुसते फिरत राहण्याचा कंटाळवाणा भाग गळून जातो. दहा वर्षांखालच्या मुलाकडे बँक देऊ नये. सुटे पैसे देण्यातच सगळ्यांचा वेळ जातो.

ल्युडोत रडारड होते ती सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नाही या नियमामुळे. सहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता तीनात एक इतकी आहे. चार जण खेळत असतील तर सहा फेऱ्या झाल्या तरी कुणीतरी एक घरातच अडकलेला असणे हे पाचातल्या चार वेळा घडते, आणि तो लहान मुलगा असला की खेळ तिथेच मोडतो. एकच बदल करावा. प्रत्येकाची एक सोंगटी आरंभालाच बाहेर ठेवावी, बाकीच्या तीन सहावर काढाव्यात. फासाही तपासून घ्यावा. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात यायला हवी. स्वस्तातल्या काही फाशांत ती येत नाही, आणि कडा वेड्यावाकड्या असल्याने एखादाच आकडा वारंवार पडतो.

सापशिडीत निर्णय असा काहीच नसतो, म्हणून मोठ्यांना ती कंटाळवाणी वाटते. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला मोजणे शिकवायला तिच्याइतका चांगला खेळ नाही. मुले तिथे दोन चुका हमखास करतात. सोंगटी ज्या घरात उभी आहे त्यालाच ‘एक’ म्हणून मोजायला लागतात, त्यामुळे प्रत्येक चाल एका घराने कमी पडते. ‘आधी उडी, मग आकडा’ असे शिकवले की हे सुटते. दुसरी चूक ओळीच्या टोकाला होते. आकडे एका ओळीत डावीकडून उजवीकडे आणि वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे जातात, पण मूल मात्र सवयीने पुन्हा डावीकडे उडी मारते. प्रत्येक ओळीच्या शेवटी स्केचपेनने वळणाचा बाण काढून ठेवावा. शंभर घरे लहान मुलाला फार वाटली तर पन्नासावर पोचणारा जिंकला असे ठरवावे.

आता ज्या खेळाबद्दल खास लिहायचे आहे तो चौकाबारा. मराठी घरात आणि कानडी शेजाऱ्यांच्या अंगणात तो सारखाच माहीत आहे, शिवाय त्याला खर्च शून्य. फरशीवर खडूने पाच बाय पाच अशी २५ घरे आखावीत, एक घर साधारण चार बोटे रुंद. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यावर फुली मारावी. आपल्या समोरची फुली हे आपले घर. तिथे चार सोंगट्या ठेवायच्या. बांगड्यांचे तुकडे अनेक घरांत सोंगट्या म्हणून वापरतात, पण लहान मुले असतील तर त्याऐवजी बटणे किंवा पेनांची टोपणे घ्यावीत. दान टाकायला चार कवड्या. कवड्या नसतील तर दोन चिंचोके फोडून चार फाका कराव्यात आणि पांढरी बाजू खरबरीत दगडावर घासून सपाट करावी. अर्धवट घासलेली फाक एकाच अंगावर पडते. म्हणून प्रत्येक फाक पन्नास वेळा टाकून बघावी. पांढरी बाजू वीस ते तीस वेळा वर आली तर ठीक, नाहीतर आणखी घासावी. हे काम आठ-दहा वर्षांच्या मुलांकडे द्यावे. ती तासभर रमतात आणि पुढे दानावरून भांडत नाहीत, कारण फाका त्यांनीच तपासलेल्या असतात.

जितक्या कवड्या उताण्या तितके दान. चारही उताण्या म्हणजे चौका, चारही पालथ्या म्हणजे आठ, आणि या दोन्ही दानांवर पुन्हा एक दान मिळते. सोंगटी आपल्या घरापासून बाहेरच्या १६ घरांतून उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. आपल्या घराच्या डाव्या हाताच्या घरापर्यंत आली की तिथून आत वळून आतली आठ घरे घड्याळाच्या दिशेने चालते आणि नेमक्या दानाने मध्यावर बसते. वाटेत दुसऱ्याची सोंगटी असलेल्या घरात आपली पोचली की त्याची मेली, ती पुन्हा आपल्या घरातून सुरू. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही.

इथे मोठी मुले हिशेब शिकतात. कवड्या समतोल असल्या तर सोळा दानांमागे सरासरी सहा वेळा दोन पडतो, चार वेळा एक, चार वेळा तीन, आणि चौका व आठ फक्त एकेकदा. म्हणजे शत्रूच्या सोंगटीपुढे दोन घरांवर थांबणे सर्वांत धोक्याचे आणि चार घरांवर थांबणे बरेच सुरक्षित. हे आधी सांगू नये. पन्नास दानांची नोंद कागदावर करायला लावावी, तक्ता आपोआप बोलतो.

वेळेचाही अंदाज याच आकड्यांतून निघतो. एका सोंगटीची चाल २४ पावलांची, चार सोंगट्यांची ९६. एका दानात सरासरी अडीच पावले पडतात, म्हणजे एका खेळाडूला चाळीसेक दाने लागतात. चार जणांची दीडशेहून अधिक दाने, प्रत्येकी पंधरा सेकंद धरले तर चाळीस मिनिटे, आणि मारामारी झाली की तासाच्या वर. सहा-सात वर्षांची मुले असतील तर प्रत्येकाला दोनच सोंगट्या द्याव्यात. खेळ वीस-पंचवीस मिनिटांत संपतो आणि पराभव झालेला मुलगा ‘अजून एक डाव’ म्हणू शकतो. लहानांना हरणे पचवायला दुसरा डाव लगेच मिळणे हाच खरा उपाय आहे.

एक नियम मात्र डाव मांडण्यापूर्वीच ठरवावा. अनेक घरांत दुसऱ्याची किमान एक सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. मोठ्यांच्या खेळात यामुळे रंगत येते. लहान मूल मात्र कुणालाच मारू शकत नाही आणि बाहेरच फेऱ्या मारत राहते. आठ वर्षांखालचा कुणी खेळत असेल तर हा नियम सर्वांसाठीच सोडावा, फक्त त्याच्यापुरता नव्हे. पाहुणी मुले वेगळ्या नियमांनी खेळत आलेली असतात. बेळगावचा नियम खरा की कोल्हापूरचा, हा वाद अर्ध्या डावात उकरण्यापेक्षा तीन वाक्यांत आधी मिटवलेला बरा.

‘लिंबू-टिंबू’ बद्दलही बोलायला हवे. तीन-चार वर्षांच्या मुलाला लिंबू-टिंबू करून घेणे प्रेमाचे आहे, त्याला फक्त सोबत हवी असते. पाच-साडेपाचच्या पुढे मात्र आपली गणती होत नाही हे मुलाला कळते आणि ते दुखावते. मोठ्यांनी मुद्दाम हरणेही तसेच. मुले ते चटकन ओळखतात. त्याऐवजी उघडपणे सूट ठरवावी आणि मग मोठ्यांनी मनापासून खेळावे. बुद्धिबळात वडिलांनी आपला वजीर काढून ठेवावा, मुलगा सलग तीनदा जिंकला की वजिराऐवजी हत्ती, मग घोडा. कॅरममध्ये मोठ्यांनी डाव्या हाताने मारावे, किंवा मुलाने पाच सोंगट्या घातल्या की त्याचा डाव झाला असे धरावे. सूट उघड असली की ती एकेक पायरीने कमी होताना मुलाला दिसते, आणि त्याचा त्याला अभिमान वाटतो.

पत्त्यांना अनेक घरांत ज्येष्ठांचा विरोध असतो. अंदर-बाहर आणि मटक्याने ज्यांची घरे धुतलेली पाहिली त्यांचा राग समजण्यासारखा आहे, त्यांच्याशी वाद घालू नये. पैसे, गोळ्या-चॉकलेटे, काहीही न लावता खेळायचे असे ठरले की बहुतेकांची हरकत राहत नाही. सुरुवात बदाम सातने करावी. पाच जणांना ५२ पत्ते वाटले तर प्रत्येकाच्या हातात दहा-अकरा येतात. सहा वर्षांच्या हातात ते मावत नाहीत. गुलाम, राणी, राजा काढून टाकावेत. उरलेले चाळीस पाच जणांत आठ-आठ येतात आणि एक्का ते दश्शी हा क्रम मुलाला शाळेतून माहीतच असतो. पत्ते धरायला बुटांच्या खोक्याला झाकण तळाकडून बसवावे, कडेच्या फटीत पत्ते ओळीने उभे राहतात. पान असताना ‘पास’ म्हणता येणार नाही, हे मोठ्यांनी स्वतःवरही कडक लागू करावे. पावसाळ्यात कागदी पत्ते ओलसर होऊन चिकटतात आणि एकाला एक पान जास्त जाते. खानापूर-जांबोटी पट्ट्यात तर जून ते सप्टेंबर प्लास्टिकचेच पत्ते वापरावेत.

कॅरमचेही तसेच. बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवला की दमट हवेत तो मधून वाकतो आणि स्ट्रायकर कोपऱ्याकडे वळतो. आडवा, सपाट ठेवावा किंवा खुंटीला उभा लटकवावा. बोर्डावर टाकायची पावडर बहुधा बोरिक ॲसिडची असते, ती पोटात जाणे धोक्याचे. लहान मुले असतील तर खेळ झाल्यावर बोर्ड कोरड्या फडक्याने पुसून फडके बाजूला ठेवावे आणि हात धुतल्याशिवाय खाऊ देऊ नये. पावडरचा डबा पिठाच्या डब्यांजवळ कधीच नको.

दोघेच असतील तर अळगुळी मणे, म्हणजे घराघरांत चिंचोके वाटत जाण्याचा खेळ. त्याची खळग्यांची लाकडी पाटी, म्हणजे मणे, माळ्यावर असेल तर उतरवावे, नसेल तर फरशीवर सात-सात गोलांच्या दोन ओळी काढाव्यात. प्रत्येक गोलात पाच, म्हणजे एकूण ७० चिंचोके. आपल्या ओळीतल्या एका घरातले सगळे उचलून पुढच्या प्रत्येक घरात एकेक टाकत जायचे. हातातले संपले की पुढच्या घरातले उचलून तसेच पुढे. पुढचे घर रिकामे निघाले की त्याच्यापलीकडच्या घरातले आपले आणि पाळी संपली. ती दोन्ही रिकामी असली तर काहीच मिळत नाही. पहिलीतल्या मुलाला हे दहा मिनिटांत येते. काही जुन्या घरांत या खेळासाठी लाल-काळ्या गुंजा ठेवलेल्या असतात. त्या कृपया मुलांच्या हाती देऊ नयेत. गुंज चावली गेली तर तिचे विष जिवावर बेतू शकते. चिंचोकेही तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागू नयेत. नाकात गेलेले बी ओलाव्याने फुगते आणि घरच्या चिमट्याने काढताना आणखी आत जाते. तसे झाले तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे.

शब्दांच्या खेळात ‘नाव-गाव-फळ-फूल’ इतके सोयीचे दुसरे काही नाही. अक्षर काढताना ण, ळ, ङ, ञ वगळावीत, त्यांनी सुरू होणारे शब्दच नाहीत. क, ग, ज, न, ब, म, र, स, ह अशा चिठ्ठ्या कराव्यात. ‘गाव’ या रकान्यात फक्त आपल्या जिल्ह्यातली गावे चालतील असे ठरवले की मजा वाढते: क आला की कडोली, कणकुंबी, न आला की निपाणी, नंदगड, ह आला की हुक्केरी, हलगा. इंग्रजी किंवा कानडी माध्यमातल्या मुलाचा देवनागरीत हात मंद चालतो, त्यामुळे लिहिण्याच्या शर्यतीत तो उगाच मागे पडतो. त्याने तोंडी सांगावे, मोठ्याने लिहून घ्यावे. फळाफुलाचे कानडी नाव सांगितले तर पूर्ण गुण द्यावेत, मात्र ते काय हे त्याने इतरांना सांगायचे.

विकत घेताना एवढे पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. जत्रेतल्या आणि रस्त्यावरच्या बऱ्याच मालावर ते नसते. घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर त्याच्या तोंडात मावेल असा कुठलाही तुकडा खेळात नको. प्रवासी बुद्धिबळातल्या सोंगट्यांच्या बुडाचे लोहचुंबक सुटून येतात. असे दोन चुंबक गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटून छिद्र पाडू शकतात, म्हणून सुटलेला तुकडा सापडेपर्यंत घर झाडून काढावे.

शेवटी दोन विनंत्या. गावोगावची वाचनालये आणि युवक मंडळे पुस्तकांप्रमाणे खेळही घरी द्यायला सुरुवात करू शकतात. एक कॅरम, दोन बुद्धिबळ, दोन जोड पत्ते, एक व्यापार आणि एक मणे एवढ्याने आरंभ होतो. प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आत नगांची यादी चिकटवावी (कॅरमसाठी काळ्या ९, पांढऱ्या ९, राणी १, स्ट्रायकर १) आणि परत घेताना समोर मोजून घ्यावे. एक सोंगटी हरवली की खेळ अडगळीत जातो, म्हणून हरवलेल्या नगाऐवजी लावायला बटणांची एक पिशवी जवळ असावी.

दुसरी विनंती आपल्याला. आपल्या बालपुरवणीत चौकाबाराचा २५ घरांचा पट पानाच्या पूर्ण रुंदीत, चालीच्या बाणांसह एकदा छापावा. घरोघरी तो कापून पुठ्ठ्यावर चिकटवता येईल. खळ मैद्याची करावी, एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळून. कीड लागू नये म्हणून जुने लोक तिच्यात मोरचूद (तांब्याचा विषारी क्षार) घालत. मुलांचे हात लागणाऱ्या पटाला तो घालू नये, असे पटाखाली बारीक अक्षरांत छापलेत तर बरे होईल.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
शहापूर, बेळगाव